खांबावर लाईट, घरात अंधार : आमच्या फोर-के बॉक्सची गोष्ट

टीव्ही दसऱ्याला घेतला आणि त्यावर धड चित्र दिसलं ते दिवाळी उलटल्यावर. मधल्या दिवसांत तीनदा तरी वाटलं, की हे सगळं खोक्यात भरावं आणि दुकानात परत नेऊन द्यावं. नवा टीव्ही, नवा सेट-टॉप बॉक्स घेऊन कुणी माझ्यासारखंच रिमोट हातात धरून बसलं असेल तर त्याच्यासाठी हे लिहितेय. मी यातली जाणकार नाही. जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, राहते परभणीत. नवरा वाळूजला कंपनीत आहे. शनिवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी जातो. त्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र बिघडलं की ते माझ्या आणि मामांच्या गळ्यात. मामा म्हणजे माझे सासरे. वीज मंडळात वायरमन होते, निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण टेस्टर अजून खिशातच असतो.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं गावाकडचं सोयाबीन पाण्यात गेलं आणि त्याच पावसातल्या एका रात्री विजेचा असा लोळ आला की जुना टीव्हीही गेला. अशा वर्षी नवा टीव्ही घ्यावा का, यावर घरात दोन दिवस धुसफूस झाली. शेवटी मामाच म्हणाले, "पीक गेलं म्हणून काय अंधारात बसावं?" त्यात २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता. २ ऑक्टोबरला दसऱ्याच्या दिवशी स्टेशन रोडच्या बाजूला एका दुकानातून ४३ इंची टीव्ही घेतला. २६,४९० रुपये. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'फोर-के अल्ट्रा एचडी' आणि खाली 'एचडीआर टेन, एचएलजी'. दुकानात त्यावर समुद्र, पोपट आणि चिरलेलं कलिंगड फिरत होतं. कलिंगडाची बी अन् बी दिसत होती.

शनिवारी, ४ तारखेला, टीव्ही भिंतीवर लागला. आमचा डीटीएचचा बॉक्स २०१३ सालचा, पिवळी-पांढरी-लाल पिन असलेला. तो जोडला, मालिका लावली आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "हिच्या तोंडाला काय झालंय?" नायिकेचा चेहरा पाण्यात धरलेल्या कागदासारखा झाला होता. खालून सरकणाऱ्या बातमीची अक्षरं फुगलेली. २१ इंची डबड्यावर याहून चांगलं दिसायचं, असं सगळ्यांचं एकमत झालं. मी गप्प बसले, कारण टीव्ही निवडला मी होता.

रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले. एसडी, म्हणजे जुन्या साध्या दर्जाच्या चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२०. फोर-के टीव्हीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. भागाकार केला तर बरोब्बर २० आला, बाकी शून्य. पाचवीच्या वर्गाला घालावं असं गणित. म्हणजे बॉक्समधून एक ठिपका आला की टीव्हीला त्यावरून वीस ठिपके अंदाजानं रंगवायचे. पसाभर पिठात गावजेवण उरकायला लावल्यावर भाकरी पातळच होणार. टीव्हीचा दोष नव्हता. बॉक्स बदलायला हवा होता.

६ तारखेला, सोमवारी, कंपनीला फोन लावला. (कंपनीचं नाव लिहीत नाही. इतर कंपन्यांच्या ग्राहकांचं ऐकलं तर तेही फार सुखात आहेत असं वाटत नाही.) पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "मॅडम, आमचा फोर-के अँड्रॉइड बॉक्स घ्या, एचडीआरसहित. सगळं फोर-केमध्ये दिसेल." मी विचारलं, सगळं म्हणजे सगळ्या वाहिन्या? "हो मॅडम, सगळं." जुन्या ग्राहकाला बॉक्स १,९९९ रुपये, बसवायचे २५० वेगळे. पैसे लगेच भरले. तिथंच माझी पहिली चूक झाली. हेच वाक्य मी लेखी मागायला हवं होतं. चॅटवर विचारलं असतं तर निदान स्क्रीनशॉट हातात राहिला असता.

८ तारखेला माणूस येणार होता, आला नाही. ११ तारखेला 'ग्राहक घरी नव्हते' असा मेसेज आला. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी बसले होते आणि मामा तर दारातच खुर्ची टाकून होते. मामांना हा अपमान फार लागला. "बेचाळीस डिग्रीत खांबावर चढलो, पण कुणाच्या घरी न जाता गेलो म्हणून लिहिलं नाही," हे वाक्य मी त्या आठवड्यात पाच-सहा वेळा ऐकलं.

१५ तारखेला, बुधवारी, पोरगा आला. बावीस-तेवीस वर्षांचा, घामाघूम, दिवसाची नववी की दहावी भेट. पावसानं छत्रीचा नट ढिला झाला होता, तो आवळून त्यानं सिग्नल नीट केला. ते काम त्यानं मनापासून केलं, हे सांगायला हवं. मग आत्याबाईंनी विचारलं, "आतल्या टीव्हीवर दिसंल का?" स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत त्यांचा ३२ इंची जुना एचडी रेडी टीव्ही आहे. पोरगा म्हणाला, "दिसंल की आजी," आणि पिशवीतून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी काढली. स्प्लिटर. ४०० रुपये, पावती नाही. बॉक्समधून एक वायर डबीत, डबीतून एक पुढच्या टीव्हीला, दुसरी पाच मीटरची आतल्या टीव्हीला. बॉक्सच्या खोक्यात आलेली नवी वायर आखूड पडली म्हणून त्याच्याकडची जुनी लावली. "ताई, फोर-के चालू झालं. ओटीपी सांगा."

मी सांगितला. दुसरी चूक. तो ओटीपी म्हणजे काम पूर्ण झाल्याची तुमची सही असते. चित्र स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय तो देऊ नका, समोरचा कितीही घाईत असला तरी. पाणी द्या, चहा द्या, ओटीपी नंतर.

चित्र आधीपेक्षा बरं होतं यात वाद नाही. पण दुकानातलं कलिंगड काही दिसत नव्हतं. टीव्हीच्या रिमोटवर माहितीचं बटण दाबल्यावर कोपऱ्यात आलं : १९२०×१०८०. बॉक्सच्या सेटिंगमध्ये, डिस्प्लेच्या पानावर गेले तर २१६० चा पर्याय फिका, दाबताच येत नव्हता. फोर-के बॉक्स, फोर-के टीव्ही आणि चित्र साध्या एचडीचं.

पुन्हा फोन. तक्रार क्रमांक मिळाला, तो मी वहीत लिहिला. २४ तासांत 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज आला, घरी मात्र कुणी फिरकलं नाही. पुन्हा फोन केला तर म्हणे, दुसऱ्या भेटीचे २५० लागतील. पैसे खात्यातून कापलेही गेले आणि माणूस आला तो १८ तारखेला, धनत्रयोदशीच्या दिवशी. वेगळाच होता. पाच मिनिटं बघून म्हणाला, "मॅडम, तुमचा टीव्हीच फोर-के नसेल." मामांनी खोकं आणून त्याच्यासमोर ठेवलं. तो म्हणाला, "मग दुकानवाल्याला विचारा." दुकानवाला फोनवर म्हणाला, बॉक्सवाल्याला विचारा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही अभिमानानं म्हणतो, पण त्या संध्याकाळी मला दोन्हीकडून कुणी आपलं म्हणेना.

त्या रात्री मामा टीव्हीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, वायरमन कसा फॉल्ट काढतो ठावं आहे का? खांबावर लाईट आहे अन् घरात अंधार. मग खांब, सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच, बोर्ड, होल्डर. एक-एक जोड सोडून बघायचा. मधलं काढ अन् थेट लाव."

खरं तर इथून पुढचं सगळं त्या एका वाक्यात आहे.

मधलं म्हणजे काळी डबी. ती काढली, बॉक्सची वायर थेट टीव्हीला लावली. बॉक्सचं पान उघडलं आणि फिका पर्याय ठळक झाला होता : २१६०, ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तीस चित्रं. मी ओरडलेच. मामा फक्त "हं" म्हणाले.

हे कसं झालं ते नंतर वाचून कळलं. बॉक्स आणि टीव्ही जोडले की आधी टीव्ही आपली माहिती बॉक्सला देतो : मी इतके ठिपके दाखवतो, इतक्या वेगानं, इतके रंग. एखादं स्थळ बघायला गेल्यावर बायोडाटा हातात ठेवावा तसं. बॉक्स तेवढंच पाठवतो जेवढं त्यात लिहिलंय. मध्ये स्प्लिटर असला की तो दोन टीव्हींचे बायोडाटे बघतो आणि दोघांनाही झेपेल तेच बॉक्सला सांगतो. आतल्या ३२ इंची टीव्हीला फोर-के झेपत नव्हतं, म्हणून बाहेरच्या टीव्हीलाही मिळालं नाही. शिवाय फोर-के चित्रपट-मालिकांवर चोरी होऊ नये म्हणून एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत वाटेत जे-जे काही येईल, डबी, साउंडबार, जे असेल ते, त्या प्रत्येकाकडे त्याची किल्ली लागते. एकाकडे जरी नसली तरी चित्र खालच्या दर्जावर येतं किंवा पडदाच काळा होतो. चारशे रुपयांच्या बिनपावतीच्या डबीकडून ती किल्ली अपेक्षिणं म्हणजे जरा जास्तच होतं. आत्याबाईंच्या टीव्हीला मग जुना बॉक्स लावला, त्याचा रिचार्ज वेगळा भरतो. त्या खूश आहेत. त्यांच्या मते त्यांचंच चित्र जास्त स्वच्छ आहे, आणि ३२ इंचांवर एसडी खरंच बरं दिसतं.

पण ३० हर्ट्झवर सरकणारी पट्टी झटके देत होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, नवरा घरी होता. त्यानं टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून एक गोष्ट शोधली, ती आम्हा दोघांना सापडली नसती. टीव्हीच्या प्रत्येक एचडीएमआय खाचेला (बॉक्सची वायर लागते तिला) वेगळी परवानगी द्यावी लागते. कुठल्या कंपनीत तिला 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट : एन्हान्स्ड' म्हणतात, कुठे 'इनपुट सिग्नल प्लस', कुठे 'डीप कलर'. कारखान्यातून टीव्ही येताना बऱ्याचदा ती बंदच असते, कारण जुनी उपकरणं त्यानं गोंधळतात. ती चालू केली की टीव्ही आपला बायोडाटा नव्यानं, पूर्ण लिहून देतो. शिवाय काही टीव्हींत तीनपैकी एकाच खाचेला पूर्ण फोर-के मिळतं. खाचेशेजारी बारीक अक्षरात '४के ६० हर्ट्झ' असं लिहिलेलं असतं, टीव्ही भिंतीला टेकवण्याआधी ते वाचून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आम्ही वाचलं नव्हतं, म्हणून आरसा आणि टॉर्च घेऊन भिंतीला गाल लावून वाचावं लागलं.

परवानगी दिल्यावर २१६०, ६० हर्ट्झ आलं. आणि दर पाच-सात मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा व्हायला लागला. मधूनच पांढरे ठिपके, पावसाळी रात्री दिव्याभोवती पाखरं यावीत तसे.

मामांनी लगेच वायरकडे बोट दाखवलं. "लोड वाढवला अन् वायर तीच ठेवली." एचडीएमआयच्या वायरीही तारेसारख्याच वाहून नेण्याच्या ताकदीच्या असतात. एचडीएमआय १.४ च्या काळातल्या वायरी सेकंदाला १०.२ गिगाबिटपर्यंतच्या हिशोबानं बनलेल्या, त्यात फोर-के ३० हर्ट्झपर्यंत बसतं. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० लागतं, म्हणजे १८ गिगाबिट. वायर घेताना '२.०' असं काही शोधू नका, वायरीवर तो आकडा असतोच असं नाही. 'प्रीमियम हाय स्पीड' असं लिहिलेली घ्या, ती १८ गिगाबिटसाठी तपासलेली असते. 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ गिगाबिटची असते, आपल्या कामाला तिची गरज नाही. गांधी पार्कच्या बाजूला एका दुकानात दोन मीटरची ४५० रुपयांना मिळाली. दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली १,४०० ची दाखवत होता. मामांनी ती हातात घेऊन विचारलं, "यात करंट सोन्याचा येतो का?" आणि परत ठेवली.

एक बारीकशी गोष्ट सांगते, ती मला कुठल्याच माणसानं सांगितली नाही. आपल्याकडच्या वाहिन्या सेकंदाला ५० च्या हिशोबानं येतात. बॉक्स ६० वर ठेवला की खालची बातम्यांची पट्टी किंवा क्रिकेटमध्ये कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं. नुसत्या वाहिन्या बघायच्या असतील तर २१६०, ५० हर्ट्झ ठेवा. मला ६० वरून ५० वर आल्यावर जितका फरक दिसला तितका एचडीवरून फोर-केवर आल्यावरही दिसला नव्हता.

आता एचडीआर. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २१ तारखेला, पूजा उरकून सगळे टीव्हीसमोर बसलो आणि आत्याबाई पुन्हा म्हणाल्या, "हिच्या तोंडाला काय झालंय?" या वेळी चेहरा राखेसारखा. पणत्या निस्तेज, साड्यांचे रंग विटलेले. कोपऱ्यात मात्र 'एचडीआर' असं ऐटीत लिहून येत होतं.

एचडीआर म्हणजे काय, हे मला आमच्या गावच्या वाड्यावरून कळलं. चैत्रातल्या दुपारी ओसरीवर बसलं की बाहेर अंगण पांढरंफटक असतं आणि आत कोनाड्यात काळोख. डोळ्यांना दोन्ही दिसतं : अंगणातली वाळत घातलेली कुरडई पण आणि कोनाड्यातला दिवा पण. साध्या टीव्हीला यातलं एकच नीट दाखवता येतं. एचडीआरमध्ये दोन्ही एकदम दाखवायचा प्रयत्न असतो. त्यासाठी रंगही जास्त लागतात. साध्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, तिन्ही मिळून १ कोटी ६७ लाख रंग. दहा बिटांच्या एचडीआरमध्ये १,०२४ छटा, म्हणजे १०७ कोटींवर रंग.

याच्या जाती आहेत आणि गोंधळ तिथंच होतो. एचडीआर टेनमध्ये अख्ख्या चित्रपटाला उजेडाची एकच चिठ्ठी असते. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर टेन प्लसमध्ये प्रत्येक दृश्याला वेगळी चिठ्ठी जाऊ शकते. एचएलजी ही बीबीसी आणि जपानच्या एनएचकेनं मिळून काढलेली पद्धत, थेट प्रक्षेपणासाठी. तिला चिठ्ठीच लागत नाही आणि साध्या टीव्हीवरही तेच चित्र चालून जातं. बॉक्स आणि टीव्ही दोघांनाही येणारी एक तरी भाषा असावी लागते. आमच्या दोघांना एचडीआर टेन आणि एचएलजी येतं, डॉल्बी व्हिजन कुणालाच नाही. तुमच्या टीव्हीवर डॉल्बी व्हिजन असेल आणि बॉक्सवर नसेल, तर बॉक्समधून ते मिळणार नाही. तेव्हा टीव्हीतलंच ॲप वापरावं, मध्ये बॉक्स आणूच नये.

मग भाषा जुळत असताना रंग का विटले? बॉक्सनं 'सगळं एचडीआरमध्ये बदला' असा पर्याय आपणहून धरला होता. मालिका एचडीआरमध्ये चित्रित झालेलीच नाही. साध्या चित्राला बळेच एचडीआरचा झगा चढवला की ते असंच दिसतं, भाड्याच्या शेरवानीतल्या नवरदेवासारखं. सेटिंगमध्ये, प्रगत डिस्प्लेच्या पानावर, 'डायनॅमिक रेंज' म्हणून एक ओळ आहे. तिथं 'मॅच कंटेंट' केलं. म्हणजे साधं ते साधं आणि एचडीआर ते एचडीआर. आत्याबाईंच्या नायिकेचा चेहरा परत आला. त्याच पानावर कुठे ४:२:० असा आकडा दिसला तर घाबरू नका. फोर-के, ६० हर्ट्झ आणि दहा बिट रंग, तिन्ही पूर्ण रूपात १८ गिगाबिटच्या वाटेतून जात नाहीत, म्हणून बॉक्स रंगांची माहिती थोडी दाबून पाठवतो. टीव्हीच्या अंतरावरून डोळ्यांना ते कळतही नाही.

पण खरं एचडीआर तरी कसं दिसतं ते बघायचं होतं. भाऊबीजेच्या रात्री यूट्यूबवर एका शहराच्या रात्रीचा एचडीआर व्हिडिओ लावला. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू केलं की पडद्यावर बारीक अक्षरांत सगळी कुंडली येते. रंगाच्या ओळीत 'एसएमपीटीई २०८४' दिसलं तर एचडीआर टेनच्या घराण्यातलं, 'एआरआयबी-एसटीडी-बी ६७' दिसलं तर एचएलजी. आमच्या पडद्यावर पहिलं आलं. म्हणजे खांबापासून होल्डरपर्यंत सगळे जोड पक्के. तरी चित्र अंधारं.

यावेळी फॉल्ट कुठल्याच जोडात नव्हता. बल्बच कमी वॅटचा होता. उजेड निट्समध्ये मोजतात. एचडीआर चित्रपट बहुतेकदा १,००० निट्सपर्यंतच्या उजेडाचा हिशोब धरून तयार करतात, काही ४,००० चाही. आमच्यासारख्या स्वस्त फोर-के टीव्हीचा उजेड साधारण २५० ते ३५० निट्स. मग टीव्ही सगळं चित्र दाबून आपल्या मापात बसवतो आणि ते काळवंडतं. खोक्यावरचं 'एचडीआर' याचा अर्थ 'मला ही भाषा समजते' इतकाच, 'मला ती बोलता येते' असा नाही. मामांना हे सांगितलं तर ते हसले. "सिंगल फेजवर थ्री फेजची मोटार. स्टार्टरवर नाव थ्री फेजचंच असतंय." दुकानात हे विचारायला हवं होतं : किती निट्स? दुकानदाराला आकडा सांगता आला नाही, तर कलिंगड बंद करायला सांगून स्वतःचा पेन ड्राइव्ह लावायचा, त्यात रात्रीचं दृश्य असलेली फाईल. मी पुढच्या वेळी तेच करणार आहे. तूर्त खोलीतला मोठा दिवा बंद करून, टीव्हीचा बॅकलाईट पूर्ण वाढवून आणि वीज वाचवायचा 'इको' पर्याय बंद करून बघतो. बऱ्यापैकी दिसतं.

पैशांचं राहिलं. दुसऱ्या भेटीचे २५० रुपये मला पटले नव्हते, कारण फॉल्ट त्यांच्याच माणसानं बसवलेल्या डबी-वायरीत होता. कंपनीच्या वेबसाईटवर अगदी तळाशी नोडल अधिकाऱ्याचा ईमेल सापडला. प्रत्येक डीटीएच कंपनीला तो ठेवावाच लागतो. मराठीतच लिहिलं : तारखा, दोन्ही तक्रार क्रमांक, खोट्या 'ग्राहक घरी नव्हते'चा स्क्रीनशॉट, स्प्लिटरचा फोटो. तीन दिवस शांतता. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथं मराठीत बोलता येतं. दहा मिनिटांत नोंद झाली. ३० ऑक्टोबरला २५० रुपये खात्यात परत आले, सोबत 'गैरसोयीबद्दल दिलगीर' वगैरे. स्प्लिटरचे ४०० गेले ते गेले, पावतीच नव्हती. 'सगळं फोर-के दिसेल' या वाक्याचंही काही करता आलं नाही, ते फक्त माझ्या कानांनी ऐकलं होतं.

आणि त्या वाक्याचं खरं उत्तर हे : उपग्रहावरून येणाऱ्या आपल्या मराठी वाहिन्या फोर-के नाहीत. चांगल्यात चांगल्या एचडी, म्हणजे १०८०. बॉक्स त्यांना फक्त ताणून २१६० करतो, आणि तेवढं ताणायचं काम टीव्हीही करू शकतो. म्हणजे नुसत्या मालिका, बातम्या आणि क्रिकेट बघायचं असेल तर साधा एचडी बॉक्स आणि नीट वायर पुरते. एचडी वाहिनी घेतली की त्याच वाहिनीची एसडी आवृत्ती पॅकमधून काढायला विसरू नका, नाहीतर एकाच मालिकेचे दोनदा पैसे जातात. फोर-के येतं ते इंटरनेटच्या ॲपमधून. त्यातही नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी ते सगळ्यात वरच्या, ६४९ रुपयांच्या पॅकमध्येच, आणि नेट १५ एमबीपीएस तरी लागतं. आमचा राउटर पुढच्या खोलीत, तरी बॉक्सवर ९ च्या वर जात नव्हता. वाय-फायच्या २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झवर जोडला, तेव्हा ४० आला. ६४९ चा पॅक मात्र घेतला नाही. सोयाबीनचं वर्ष आहे.

एकूण खर्च : बॉक्स १,९९९, बसवणं २५०, स्प्लिटर ४००, वायर ४५०. शिवाय माझी अर्धी रजा. त्यातलं कामाचं काय, तर ४५० ची वायर आणि मामांचं एक वाक्य.

मामांनी १ नोव्हेंबरला टीव्हीमागच्या वायरीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि बॉलपेननं लिहिलं : 'एचडीएमआय १. काढू नये.' खाली तारीख, सही. मंडळात अशी पट्टी लावायची सवय आहे त्यांना.

दुसऱ्या दिवशी रविवार, महिला विश्वचषकाची अंतिम लढत. नवी मुंबईत पाऊस, सामना उशिरा सुरू झाला. आपल्या २९८ झाल्या आणि दक्षिण आफ्रिकेचा शेवटचा गडी बाद होईपर्यंत मध्यरात्र उलटायला आली. लेक दुसऱ्या दिवशीची शाळा विसरून मामांच्या खुर्चीच्या हातावर बसली होती. आपण ५२ धावांनी जिंकलो तेव्हा तिनं जी उडी मारली, ती पाहून आत्याबाई आतल्या खोलीतून उठून आल्या. त्यांचा बॉक्स जुना, त्यांच्याकडे शेवटची विकेट काही सेकंद आधीच पडली होती, पण त्यांनी सांगितलं नाही.

मधेच कधीतरी मी माहितीचं बटण दाबून बघितलं होतं. बॉक्समधून २१६०, वाहिनी मात्र १०८०.

"एचडीच आहे ना हे?" मामांनी विचारलं होतं.

"हो मामा. एवढं करून एचडीच."

"बॉल दिसायलाय," म्हणाले, आणि माझ्या हातातून रिमोट घेऊन आवाज वाढवला.